रिटर्नच्या खालची ओळ

आमच्या ऑफिसात त्यांना मूळपुरुष म्हणायचे. नाव मीच ठेवलं होतं आणि ते असं चिकटलं की एकदा भर मीटिंगमध्ये साहेबांच्या तोंडूनही निसटलं. समोर मात्र आम्ही सगळे 'काका' म्हणायचो. वय अठ्ठावन्न, बाह्या दुमडलेला फिकट शर्ट, खिशाला दोन पेनं. दिवसभर कॉम्प्युटर बडवणाऱ्या माणसाला दोन पेनं कशाला लागतात, देव जाणे. बरोबर एकला डबा उघडणार, एक वीसला धुऊन पालथा घालणार. गप्पा मारायला जावं तर दोन वाक्यांत संपणार, पण दुसऱ्याचं कोड तपासायला बसले की कुणाला सुट्टी नाही. अशा माणसाचा राग येतो हो. मला तर त्यांची खुर्ची कुरकुरली तरी राग यायचा.

कंपनी लहान, बारा-चौदा माणसांची. दवाखान्यात पेशंटच्या पलंगाशी वायरीला लटकलेलं बटण असतं ना, दाबलं की सिस्टर येते, त्याच्या मागचा प्रोग्राम आम्ही लिहितो. त्याचा पाया बावीस वर्षांपूर्वी काकांनी एकट्याने घातला. 'बटण' नावाचा बेस क्लास, म्हणजे मूळ साचा, आणि त्यात 'दाबलं' नावाची मेथड. बटण दाबल्यावर जे जे व्हायला हवं ते सगळं त्या मेथडमध्ये. नोंदवहीत वेळ टाकायची, सिस्टरच्या टेबलावर घंटी वाजवायची, तीन मिनिटांत कुणी फिरकलं नाही तर मोठ्या सिस्टरच्या खोलीत वाजवायची, आणि कुणीतरी पलंगापाशी जाऊन बंद करेपर्यंत वाजवतच राहायचं. एकूण चाळीस ओळी. बावीस वर्षांत त्यातली एकही बदलावी लागली नव्हती, आणि हे ते आम्हाला वर्षातून चारदा ऐकवायचे.

आता ज्यांना यातलं कळत नाही त्यांना एकदाच सांगतो, नीट ऐका. प्रत्येक दवाखान्याला बटण वेगळं हवं असतं. एकाला लहान मुलांसाठी रंगीत हवं, दुसऱ्याला बाथरूममधलं दोरी ओढायचं. मग आम्ही काकांच्या बटणापासून नवं बटण काढतो. नव्याला जुन्याचं सगळं आयतं मिळतं. पण नव्यात तुम्ही 'दाबलं' हीच मेथड त्याच नावाने पुन्हा लिहिलीत, म्हणजे ओव्हरराईड केलीत, की कॉम्प्युटर फक्त तुमची चालवतो. काकांच्या चाळीस ओळी तिथेच झोपून राहतात. त्या चालायला हव्या असतील तर तुमच्या मेथडमध्ये एक ओळ लिहायची, की बाबा, बेसची मेथडही चालव. बस, एक ओळ. ती विसरलात तरी वरवर सगळं ठीक दिसतं. तुमचा रंगीत दिवा लागतो. फक्त घंटी वाजत नाही आणि नोंद होत नाही.

त्या एका ओळीपायी काकांनी आमचं रक्त आटवलं होतं. सकाळी आल्या आल्या, अजून पिशवी खांद्यावरून उतरली नाही तोवर खुर्चीमागून आवाज यायचा, "बेसची ओळ कुठाय?" आमचे प्रोग्राम चालवून तपासणाऱ्या टेस्टरबाईंच्या वाढदिवसाला केक आणला तेव्हा मी बेकरीवाल्याकडून त्यावर क्रीमने तेच लिहून घेतलं. सगळे पोट धरून हसले. काकांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "गंमत चांगली आहे. पण कालच्या तुझ्या फाईलमध्ये ती खरंच नाहीये." केक न खाता जागेवर जाऊन बसले. आम्ही त्यांचा तुकडाही वाटून खाल्ला.

पुढे त्यांनी आमच्या मानगुटीवर एक तपासनीस बसवला. माणूस नव्हे, छोटा प्रोग्राम. कुणी नवं कोड आत टाकायला गेलं की तो आधी बघणार, ओव्हरराईड केलेल्या मेथडमध्ये बेसची ओळ आहे का. नसली तर लाल फुली, कोड बाहेर. असली तर हिरवी खूण. मग काका स्वतः एकेक ओळ वाचणार आणि 'मंजूर' दाबणार. काका रजेवर असले तर नुसत्या हिरव्या खुणेवर भागायचं. वर्षाकाठी मोजून चार-पाच दिवस रजा घ्यायचे ते. त्या दिवसांसाठी आम्ही कामं राखून ठेवायचो, आणि ते परत आले की मागचं सगळं वाचून काढायचे. त्यातही पाच-दहा चुका हुडकायचेच.

काकांची बायको शाळेत भूगोल शिकवायची. मी तिला एकदाच पाहिलं, कंपनीच्या जेवणाला आली होती तेव्हा. धिप्पाड बाई, आणि आवाज असा की तीन वर्ग पलीकडची मुलं गप्प बसत असतील. काका तिच्या शेजारी लहान मुलासारखे बसले होते. ती म्हणाली, "हे घरीसुद्धा असंच करतात. भाजी चिरली की विचारतात, देठ काढलेस का." आम्ही हसलो आणि काकाही हसले. त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

मागच्या वर्षी त्या बाईला पक्षाघाताचा झटका आला. उजव्या हाताचा अंगठा सोडून अंगातलं काही हलेना. वाचा गेली. घशातला कफसुद्धा स्वतःचा स्वतःला काढता येईना, नळी घालून ओढून काढावा लागायचा, नाहीतर जीव गुदमरायचा. काकांनी दोन महिने घरी ठेवून बघितलं. मग त्यांचीच तब्येत ढासळली आणि मुलगी दुसऱ्या शहरातून येऊन भांडली, तेव्हा कुठे दवाखान्यात ठेवायला तयार झाले. घराजवळ दोन चांगले दवाखाने होते. काकांनी तिसराच निवडला, दोन बस बदलून जावं लागणारा, कारण तिथे आमची बटणं होती. मला म्हणाले, "तिचा अंगठा चालतो रे. अंगठा चालतो आणि बटण माझं आहे. मग मला काळजी नाही." बटण तळहातात राहावं म्हणून ते रिबिनीने मनगटाला बांधायची युक्तीही त्यांचीच.

तिला दाखल करायला त्यांनी आठवडाभर रजा घेतली. पहिल्याच दिवशी स्वतः बटण दाबून घड्याळ लावून बघितलं म्हणे. दोन सेकंदांत घंटी, अर्ध्या मिनिटात सिस्टर. तसा फोनही केला ऑफिसात. कुणी विचारलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी माझं काम उरकलं. त्याच दवाखान्याच्या मॅनेजरची मागणी होती. जुनाट आजाराच्या पेशंटांच्या वॉर्डात दिवसभर घंट्या वाजतात, डोकं उठतं, म्हणून 'शांत बटण' हवं. आधी फक्त खोलीच्या दारावर दिवा लागावा, आणि एका मिनिटात कुणी गेलं नाही तरच टेबलावर घंटी. म्हणजे मी 'दाबलं' ओव्हरराईड करायची, दिवा लावायचा, मिनिटभर थांबायचं आणि मग बेसची ओळ. सोपं काम. मी दिवा लिहिला, दोन मिनिटांनी आपोआप विझायचंही लिहिलं, दिव्याचं आयुष्य कळावं म्हणून दर दाबण्याची वेळ टिपून मोजणीही ठेवली. थांबायचं तेवढं राहिलं. गुरुवारी मॅनेजर बघायला आला, मी बटण दाबलं, दिवा लागला आणि त्याच क्षणी घंटी ठणाणली. मॅनेजरने कान झाकले. "हे शांत?"

मी म्हटलं, एक मिनिट. आणि बेसच्या ओळीच्या वर 'रिटर्न' लिहून टाकलं. रिटर्न म्हणजे इथून मागे फिर. त्याच्या खाली तुम्ही महाभारत लिहिलंत तरी कॉम्प्युटर तिथवर येत नाही. पुन्हा बटण दाबलं. दिवा लागला, घंटी गप्प. मॅनेजर खूश.

तो गेल्यावर टेस्टरबाई माझ्या पडद्यात डोकावल्या. "अरे, हे काय? ओळ रिटर्नच्या खाली गेली की."

"ओळ आहे ना?" मी म्हटलं. "काकांना ओळ हवी होती. काकांना ओळ दिली."

अख्खी खोली हसली. मी कोड आत टाकलं. तपासनिसाने मेथड चाळली, बेसची ओळ सापडली, हिरवी खूण दिली. त्यावरून तर आणखी हसलो आम्ही. अशा न चालणाऱ्या ओळीबद्दल कॉम्प्युटर पिवळी सूचना देतो, पण तशा दोन हजार पिवळ्या सूचना आधीच साचल्या होत्या, त्यामुळे सगळ्यांनीच त्या दिसायच्या बंद करून ठेवल्या होत्या. सोमवारी नीट करू, असं ठरवून मी घरी गेलो. शुक्रवारी त्या वॉर्डात ते बसलं. सोमवारी साहेबांनी दुसरं काम गळ्यात मारलं.

काकांची बायको त्याच दवाखान्यात आहे हे मला ठाऊक होतं का? होतं. कुठल्या वॉर्डात, ते मी विचारलं नाही. विचारायला काय जात होतं? काही नाही. नाही विचारलं.

काका रजेवरून परतले ते अर्धे होऊन. मागचं सगळं वाचून काढायची त्यांची सवय, पण त्या वेळी पहिल्यांदाच नाही वाचलं. चार वाजता निघायचं असायचं त्यांना, भेटीची वेळ साडेचार ते साडेसहा. तीन महिने असेच गेले. वॉर्डात काही बिघडलं नाही. सिस्टर दर अर्ध्या तासाला फेरी मारायच्या, येता-जाता दारावरचा दिवा दिसायचा, आत जायच्या. घंटी कधीच वाजत नाही याचं कुणाला काही वाटलं नाही, बटणाचं नावच शांत. उलट एके दिवशी काका स्वतः माझ्या टेबलाशी आले. मला वाटलं, मेलो. तर म्हणाले, "शांत बटण चांगलं केलंस. ती पूर्वी घंटीला दचकायची. आता झोपते." नऊ वर्षांत त्यांनी माझं केलेलं ते पहिलं कौतुक.

मी म्हटलं, "थँक यू, काका." आणि लाज वाटायच्या ऐवजी दिवसभर खुशीत होतो. इतका हलकट मी आहे.

मग तो रविवार आला. रविवारी भेटीची वेळ चारची असते. काका तीनलाच जाऊन बसायचे, सिस्टरच्या टेबलासमोर एक बाक आहे तिथे. आत सोडा म्हणून कधी हट्ट नाही. नियम म्हणजे नियम. त्या दिवशी सिस्टर कमी होत्या, फेरी तासाची होती. एक सिस्टर दुसऱ्या टोकाला कुणाला तरी अंघोळ घालत होती, दुसरी टेबलावर कागद भरत होती. टेबलावरून खोल्यांची दारं दिसत नाहीत, मध्ये पॅसेज वळतो. काका बाकावर बसून मोसंबी सोलत होते, कारण तिला रस चमच्याने ओठांना लावलेला आवडायचा. चारला सिस्टर म्हणाली, "जा काका." ते गेले. बायको डोळे उघडे ठेवून पडली होती, अंग गार व्हायला लागलं होतं. बटण तळहातात होतं आणि अंगठा त्याच्यावर टेकलेला होता. दारावरचा दिवा विझलेला होता.

कफ अडकला, डॉक्टर म्हणाले. काकांनी विचारलं, तिने बटण दाबलं नाही? सिस्टर म्हणाली, नाही हो काका, तुम्ही इथेच तर बसला होतात. मग काकांनी तिथल्याच कॉम्प्युटरवर नोंदवही उघडून त्या दुपारचं पान काढलं. कोरं. ती नोंदवही लिहिणाऱ्या ओळी त्यांच्या स्वतःच्या, त्यामुळे त्यांनी बायकोपेक्षा त्या ओळींवर विश्वास ठेवला.

बुधवारी ते कामावर आले. चहाच्या मशीनपाशी मी एकटा सापडलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "फार वाईट झालं, काका."

"वाईट काय," ते म्हणाले. "तिची इच्छा. बटण हातात होतं. मी तीस पावलांवर होतो. दाबलं नाही तिने." आणि मग मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं अशा आवाजात म्हणाले, "चौतीस वर्षं संसार केला आणि जाताना बोलवावंसं वाटलं नाही हिला. मला कंटाळली होती. एकदा अंगठ्याने दाबायचं होतं फक्त. तेवढंही नाही केलं माझ्यासाठी."

मुलीने नंतर साहेबांना सांगितलं, साहेबांनी आम्हाला. शेवटचं तोंड बघायला सगळे पुढे झाले तेव्हा काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मुलीने हात धरून ओढलं, पाया पडली, तरी वळले नाहीत. "तिला मी नको होतो," म्हणाले.

चहा मी मशीनपाशीच ठेवला. जागेवर येऊन मी शांत बटणाची फाईल उघडली. रिटर्न आणि त्याच्या खाली बेसची ओळ, जशी ठेवली होती तशी. तरी मनाला समजावलं, की तिने खरंच दाबलं नसेल. माणसं कंटाळतात. मग दिव्याची मोजणी आठवली. ती माझी होती, बेसमधली नव्हती, त्यामुळे चालत होती. त्या खोलीचा आकडा मी काढला. रविवार, तीन वाजून आठ मिनिटांपासून तीन एकेचाळीसपर्यंत. बासष्ट वेळा.

मी उठून बाथरूममध्ये गेलो आणि ओकलो. परत येऊन काय केलं असेल? साहेबांकडे गेलो? काकांचे पाय धरले? छे. आधी मी हा विचार केला की हे कुणाकुणाला सापडू शकेल.

दुरुस्ती तर करायलाच हवी होती. त्या वॉर्डात आणखी एकतीस पेशंट होते. ओळ उचलून रिटर्नच्या वर ठेवायची, दोन सेकंदांचं काम. पण कुठलाही बदल काकांच्या नजरेखालून जाणार. काय बदललं ते पडद्यावर रंगात दिसतं, काढलेली ओळ लाल, घातलेली हिरवी. एका फाईलमध्ये तीच ओळ वर हिरवी आणि खाली लाल दिसली की पोराला कळेल, काकांना तर कळेलच. म्हणून मी शक्कल लढवली. एकतीस फायली घेतल्या, सगळ्यांत उगाच मोकळ्या जागा सरळ केल्या, कंस खालीवर केले, आणि त्या ढिगात एकोणिसाव्या नंबरला शांत बटण घुसडलं. वर शीर्षक दिलं, 'मांडणी नीटनेटकी'. माणूस नुकता बायकोला पोचवून आलाय, कशाला वाचतोय एकतीस फायली? असा माझा हिशोब.

काकांनी पहिल्या फाईलपासून सुरुवात केली. वाचलेल्या फाईलपुढे खूण येते, ती मला माझ्या पडद्यावर दिसत होती. एक. दोन. तिसरीत त्यांनी टीप टाकली, इथे कंस जास्तीचा आहे. चौथी. अकरापर्यंत येता येता एक वाजला. डबा उघडला, खाल्ला, धुतला, पालथा घातला. बारा, तेरा. माझा शर्ट पाठीला चिकटला होता. अठरा. आणि मग खूण येईना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मान वळवायची माझी हिंमत होईना. त्यांची खुर्ची कुरकुरली, पावलं पाण्याच्या पिंपाकडे गेली, मग माझ्या पाठीमागे येऊन थांबली.

"ही ओळ खाली का होती?"

"चुकून, काका."

"चुकून रिटर्न लिहिता येत नाही." आवाज चढला नव्हता. "कधीपासून?"

तारीख फाईलवर होतीच, त्यांनी वाचली होती. त्या तारखेला आपण कुठे होतो हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

"तीन महिने त्या वॉर्डाची एकही नोंद नसणार," ते म्हणाले. "मी एकाच दिवसाचं पान बघितलं. मागचं एक पान उलटलं असतं तर तिथेच कळलं असतं." मग वाकून माझ्या पडद्यावर बोट ठेवलं. "ही दिव्याची मोजणी. ही चालत होती?"

"काका, नका बघू."

"काढ."

टेस्टरबाईंनी कीबोर्डवरचे हात उचलले. बाकीचे आमच्याकडे वळले. मी आकडा काढला. काकांनी चष्मा वर करून वाचला, मग प्रत्येक वेळेवरून बोट फिरवत खालपर्यंत गेले. तीन आठ. तीन आठ. तीन नऊ. सगळ्या बासष्ट ओळी त्यांनी वाचल्या, एकही गाळली नाही. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मी तिच्याकडे बघितलं नाही रे," ते म्हणाले. "मुलगी पाया पडत होती. तरी मी नाही बघितलं."

जागेवर गेले, फाईल मंजूर केली. उरलेल्या बारा फायलीही वाचून मंजूर केल्या आणि दुरुस्ती लगेच वॉर्डात बसवली. साहेबांना काही सांगितलं नाही, मीही नाही, खोलीतल्या दुसऱ्या कुणीही नाही. त्याबाबतीत आमच्यात कमालीची एकी आहे. साडेचारला काका माझ्यापाशी येऊन म्हणाले, "चल. बसवलेलं बटण आत जाऊन दाबून बघायचं असतं. एवढं तरी कर."

वॉर्डात त्या खोलीत आता एक म्हातारी होती, सुरकुतलेली, झोपलेली. तिचा मुलगा खुर्चीत मोबाईल बघत बसला होता, दांडगा माणूस. काका आत आले नाहीत. पॅसेजमध्येच म्हणाले, "तू दाब. मी बाकावर बसतो." मी म्हातारीच्या मुलाला सांगितलं, बेल तपासायला आलोय, आणि तिच्या उशाशी पडलेलं बटण उचलून दाबलं.

लांबवर टेबलावर घंटी वाजली. लगेच, स्पष्ट. आणि मग पावलं ऐकू आली, पण सिस्टरची नाहीत. पॅसेजमधून कुणीतरी धावत येत होतं, वळणावर भिंतीला धडकल्याचा आवाज झाला, आणि दारातून काका आत घुसले. एक चप्पल पायात नव्हती. माझ्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. थेट पलंगाशी जाऊन त्यांनी त्या म्हातारीचा हात दोन्ही हातांत धरला.

"आलो गं, आलो," ते म्हणत होते. "इथंच तर होतो. बघ, आलो की नाही? बघ ना माझ्याकडे."

म्हातारी दचकून जागी झाली आणि किंचाळायला लागली. काका हात सोडेनात. तिच्या मुलाने मोबाईल फेकला, काकांची कॉलर धरून त्यांना मागे ओढलं, ते भिंतीशी जाऊन पडले आणि खिशातली पेनं जमिनीवर सांडली. तरी त्यांचं आपलं चालूच, "आलो, आलो." सिस्टर धावत आली. तिने काकांना ओळखलं नाही, नवी होती, "ओ काका, बाहेर व्हा आधी," म्हणून त्यांना दंडाला धरून उठवायला लागली.

म्हातारीच्या मुलाने रागाने माझ्याकडे बघितलं. "कोण हा वेडा? तुमच्याबरोबर आलाय का?"

काकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"नाही हो," मी म्हटलं. "मी फक्त बेल तपासायला आलोय." आणि कागद पुढे करून सिस्टरची सही घेतली.